दोन धावपट्ट्या, एक छेदबिंदू

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरच्या माणसाला 'छेदबिंदू' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हावड्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात आणि येथली 'डायमंड क्रॉसिंग' हा शहराच्या अभिमानाचा विषय आहे. त्या ठिकाणी दोन गाड्या एकमेकींवर का आदळत नाहीत? केवळ चालक सावध असतात म्हणून हे घडत नाही. एका मार्गाला सिग्नल दिला की दुसऱ्या मार्गाचा सिग्नल देताच येऊ नये, अशी यंत्राची बांधणी तेथे केलेली असते. रेल्वेचे लोक तिला इंटरलॉकिंग म्हणतात. माणूस चुकणारच हे गृहीत धरून त्याची चूक निष्फळ करणारी ही व्यवस्था आहे. तिच्यातील जोडण्यांशी निष्काळजीपणा झाला की काय होते, हे २ जून २०२३ रोजी बालासोरला देशाने पाहिले. परंतु त्यावरून व्यवस्थेचे मोलच सिद्ध होते.

विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तेव्हा असा यांत्रिक अडसर बहुतेक ठिकाणी नसतो. तेथे असतो नियंत्रण मनोऱ्यातील एक माणूस, त्याच्या हातातील ध्वनिक्षेपक आणि त्याची स्मरणशक्ती. शिवाय गाडी सिग्नलबाहेर तासभर उभी राहू शकते; उतरणारे विमान उभे राहू शकत नाही. प्रवासी जेट विमान जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तर मीटर असतो. धोका दिसला तर वैमानिकाला एकच गोष्ट करता येते: विमान पुन्हा वर उचलणे. पण त्याच क्षणी छेदणाऱ्या धावपट्टीवरून दुसरे विमान उड्डाण करीत असेल, तर जमिनीवरची टक्कर टाळण्यासाठी घेतलेला निर्णय छेदबिंदूच्या वर, हवेत, नवी टक्कर उभी करू शकतो. या विषयाचे मर्म येथे आहे.

मग अशा धावपट्ट्या बांधल्याच कशाला? कारण वारा. जुनी हलकी विमाने आडव्या वाऱ्यात उतरू शकत नसत, म्हणून वेगवेगळ्या दिशांना दोन-तीन पट्ट्या आखल्या जात. थोडक्या जागेत त्या बसवायच्या तर एकमेकींना छेदणे ओघानेच आले. दिवसाकाठी मोजकी विमाने ये-जा करीत होती तोवर त्यात काही बिघडत नव्हते. विमाने मोठी झाली, आडवा वारा सोसू लागली; वाऱ्यासाठी आखलेली दुसरी पट्टी मग गर्दीसाठी वापरण्याचा मोह झाला.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. सांताक्रूझची मुख्य पूर्व-पश्चिम धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची आहे. दुसरी, तीन किलोमीटरहून थोडी आखूड, तिला छेदून जाते. २००६ पासून गर्दीच्या तासांत दोन्हींचा एकाच वेळी वापर करण्याचा प्रयोग झाला. २०१३ मध्ये तो थांबवण्यात आला आणि एकाच मुख्य धावपट्टीवर ताशी अधिक विमाने हाताळण्याचे धोरण आले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एका विहिरीवर दोन मोटा बसवल्या म्हणून पाणी दुप्पट होत नाही. झरा एकच असतो. दोन पट्ट्यांना एकच छेदबिंदू असेल तर खरी मर्यादा त्या बिंदूची असते.

पुढे या एका धावपट्टीवर ताशी ४६ उड्डाणे-अवतरणे हे मुंबईचे प्रमाण ठरले. ३६०० सेकंदांना ४६ ने भागले की ७८ सेकंद येतात. ७८ सेकंदांत एक विमान उतरावे, वेग आवरावा, बाजूला वळावे आणि दुसऱ्याला वाट मोकळी व्हावी. २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे-अवतरणे पार पाडली, तेव्हा त्याचे विक्रम म्हणून कौतुक झाले. त्या दिवशी नियंत्रकांच्या किती पाळ्या होत्या, प्रत्येकाला किती विश्रांती मिळाली, हे मात्र कौतुकाच्या बातम्यांत शोधूनही सापडणे कठीण.

हा बिंदू चुकतो तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे एक छोटे प्रवासी विमान उतरत होते आणि छेदणाऱ्या धावपट्टीच्या टोकाशी दुसरे विमान उड्डाणासाठी उभे होते. त्या तळावर नियंत्रण मनोराच नव्हता. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, तुम्ही थांबणार आहात ना? उत्तर आले, परंतु ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानातून आले होते. विचारणाऱ्यांचा समज झाला की वाट मोकळी आहे. छेदबिंदूवर टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व १४ माणसे मेली. प्रवासी विमानातील लोक टकरीतून वाचले होते. दार उघडले नाही म्हणून ते आगीत गेले. लहान गावच्या तळावर मनोरा परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे दार विसरू नये.

दुसरे उदाहरण बोस्टनचे, ९ जून २००५ चे. तेथे मनोरा होता, नियंत्रकही दोन होते; प्रत्येकाकडे एक धावपट्टी. दोघांनी काही सेकंदांच्या अंतराने दोन विमानांना छेदणाऱ्या पट्ट्यांवरून उड्डाणाची परवानगी दिली. एका सहवैमानिकाला दुसरे विमान दिसले आणि त्याने आपल्या विमानाचे नाक खाली दाबून धरले. दुसरे विमान त्याच्या वरून सुमारे १७० फुटांवरून निघून गेले. दोन्ही विमानांत मिळून ३८१ माणसे होती. कामाची विभागणी झाली, पण विभागलेल्यांना जोडणारा दुवा कच्चा राहिला.

आपल्याकडे ९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत दिल्लीकडे निघालेले एअर इंडियाचे विमान वेग घेत असता समोर धावपट्टीवर हवाई दलाचे हेलिकॉप्टर दिसले आणि वैमानिकाने जोराने ब्रेक लावले. विमानात जवळजवळ दीडशे माणसे होती. हेलिकॉप्टर राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील होते; म्हणून ही घटना देशभर गाजली. ८ जून २०२४ रोजी, पुन्हा मुंबईतच, तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून पुरते उठलेले नसताना इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच पट्टीवर उतरले. ही एकाच पट्टीची गोष्ट आहे, छेदणाऱ्या दोन पट्ट्यांची नव्हे. परंतु सेकंदांचा हिशेब तोच. त्यानंतर काय झाले? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर केले.

चौकशी व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण ताशी ४६ हा आकडा त्या नियंत्रकाने ठरवलेला नव्हता. विमानतळ चालवणारी कंपनी प्रवाशांच्या संख्येवर पैसा मिळवते. विमान कंपनीला सोयीच्या वेळा हव्या असतात. सरकारला विक्रमाचे आकडे हवे असतात. या तिघांच्या दृष्टीने दोन विमानांमधला मोकळा अवकाश म्हणजे वाया गेलेली क्षमता. नियंत्रकाच्या दृष्टीने तोच अवकाश म्हणजे चूक सुधारण्याची सवड. गिरणीत एका कामगाराकडे चार माग सोपवले तेव्हाही मालकाने हाच युक्तिवाद केला होता. फरक एवढाच, की तेथे धागा तुटत असे.

मुंबईचा विमानतळ २००६ मध्ये खाजगी कंपनीकडे गेला. त्याविरुद्ध त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विमानतळ कर्मचाऱ्यांनी चार दिवस देशव्यापी संप केला होता. तेव्हा त्यांना 'प्रगतीचे विरोधक' म्हटले गेले. २०२१ मध्ये तो अदानी समूहाच्या ताब्यात आला. हवाई वाहतूक नियंत्रण मात्र सरकारच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिले. हे योग्यच आहे. तथापि परिणाम पाहावा: उड्डाणांच्या संख्येतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा खाजगी, आणि त्या संख्येतून निर्माण होणारी जोखीम सार्वजनिक नोकराच्या माथी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांच्या तुटवड्याकडे आणि त्यांच्या थकव्याकडे लक्ष वेधले. थकलेल्या माणसाच्या हाती छेदबिंदू सोपवणे हा किफायतशीर व्यवहार दिसतो, कारण न झालेल्या अपघाताची किंमत कोणत्याच ताळेबंदात लिहिली जात नाही.

नागपूरला याहून निराळा अनुभव आहे. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री निघणारी टपाल विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या तळावर एकत्र येत, पिशव्या व प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांची ही योजना. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातील साधे पत्रही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागले. चार दिशांची विमाने एका ठिकाणी आणायची तर त्यांचा क्रम आणि अंतर आधी ठरले पाहिजे, आणि ते टपालाच्या गरजेनुसार ठरत असे. त्या व्यवस्थेचा गौरव करताना १२ डिसेंबर १९५३ ची रात्र विसरून चालणार नाही: सोनेगावहून मद्रासकडे निघालेले टपाल विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले, १३ माणसे गेली, त्यांत कामगार नेते आणि लोकसभा सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

आता सोनेगावची पाळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मे २०२२ च्या निकालानंतर २०२४ मध्ये हा विमानतळ चालवण्याचा करार जीएमआरशी झाला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः महसुलाच्या वाट्याची: पहिली बोली ५.७६ टक्के, मग १४.४९ टक्के. ताशी किती विमाने, हे कोण ठरवणार, याची चर्चा ऐकू आली नाही. मिहानच्या आराखड्यात दुसरी धावपट्टी समांतर आहे, छेदणारी नाही. तांत्रिक दृष्ट्या हे शहाणपणाचेच. परंतु समांतर पट्टीला जमीन फार लागते. ही सुरक्षितता शेवटी कोणाच्या तरी शेतातून घेतली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची आखणीही दोन समांतर पट्ट्यांची आहे, आणि त्या परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी बळी गेले. मिहानसाठी शिवणगावची जमीन गेली. गावकऱ्यांचा मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा लढा वर्षानुवर्षे चालला.

म्हणून नागपूरच्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी एकत्र मागाव्यात, कारण त्या सुट्या केल्या की नियंत्रकाला शेतकऱ्याविरुद्ध उभे करणे सोपे जाते. सोनेगावच्या धावपट्टीची ताशी मर्यादा नियंत्रकांच्या संघटनेशी विचारविनिमय करून ठरावी आणि ती करारासह जाहीर व्हावी. आणि दुसऱ्या पट्टीवर डांबर पडण्यापूर्वी शिवणगावच्या प्रत्येक कुटुंबाचा हिशेब चुकता झाल्याचे ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे.