बी टीमचा सामना

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला 'खेळ आणि समाज' असा भारदस्त विषय दिला होता. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. समाजाबद्दल मी काय बोलणार? त्यामुळे फक्त एका सामन्याबद्दल बोलतो. हा सामना कुठल्या पेपरात आला नाही, त्याचा फोटोसुद्धा कोणी काढला नाही. आठवीच्या, म्हणजे इथल्या 'इयर एट'च्या बी टीमचा सामना होता तो.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो. इथे बऱ्याच शाळांत एका इयत्तेचे दोन संघ असतात. ए टीममध्ये रविवारी क्लबातून खेळणारी, पायात चेंडू चिकटल्यासारखी धावणारी मुलं. बी टीममध्ये बाकीची, ज्यांना खेळायला आवडतं ती. आमचे चिरंजीव बी टीमचे लेफ्ट बॅक. कुठे उभं करावं हे सरांना कळत नाही त्याला लेफ्ट बॅक करतात, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

आता सामना कोणाशी, तर शेजारच्या शाळेशी. आमची शाळा डर्बीच्या पूर्वेकडची, त्यांची लाँग ईटनच्या बाजूची, मध्ये जेमतेम पाच-सहा मैल. लाँग ईटनची गंमत तुम्हाला माहीत आहेच. जिल्हा डर्बीशायर, पण पोस्टकोड नॉटिंगहॅमचा. म्हणजे त्या बाजूची निम्मी पोरं फॉरेस्टची, आमच्याकडची बहुतेक काउंटीची. ब्रायन क्लफने १९७२ साली डर्बीला लीग जिंकून दिली, मग १९७८ ला फॉरेस्टला जिंकून दिली, आणि वर १९७९ आणि १९८० ला दोन युरोपियन कपही दिले. दोन्ही गावांना जोडणाऱ्या ए-५२ रस्त्याला त्याचं नाव आहे. त्या रस्त्याने रोज ऑफिसला जाणारी माणसं एकमेकांना अजून माफ करत नाहीत. स्थानिक वैऱ्यांच्या सामन्याला इंग्रजीत 'डर्बी'च म्हणतात. आपण तर राहतोच तिथे.

मला हे सगळं नवीन नव्हतं, कारण मी कोल्हापूरचा. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा रस्सा. पण आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. नीट ऐका, तालमींचे! ज्या तालमीत लाल मातीत पोरं घुमतात, तिच्याच नावाने फुटबॉल खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्ष्या तर विचारू नका, त्या दिवशी सोयरेसुद्धा वेगवेगळ्या बाजूंना बसतात. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

इथे आल्यावर मला वाटलं होतं की इंग्रज माणूस शांत, ओळीत उभा राहणारा. मग एकदा ॲशबोर्नला श्रोव्हटाइडचा खेळ बघायला गेलो. इथून पंधरा मैलांच्या आत आहे, जरूर जा. हेन्मोर नावाच्या ओढ्याच्या एका अंगाला जन्मलेले एका बाजूने, दुसऱ्या अंगाचे दुसऱ्या बाजूने. गोल एकमेकांपासून तीन मैलांवर. दुपारी दोनला सुरू होतो आणि रात्री दहापर्यंत चालू शकतो. शेकडो माणसं ओढ्यात उतरून एका चेंडूवर तुटून पडतात. ते बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तर आपला सामना. नोव्हेंबरची गुरुवारची दुपार, अंधारून आलेलं, तिरका पाऊस. मी 'डेंटिस्ट' असं कॅलेंडरवर टाकून ऑफिसमधून निघालो होतो. (माझे मॅनेजर इथे नाहीत, खात्री करून बोलतोय.) रेफ्री होती सिक्स्थ फॉर्ममधली एक मुलगी. बारीक चणीची, मोठ्या मापाचं जॅकेट घातलेली.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती आणि १-१ बरोबरी होती. आमच्या पोराने, हो, आमच्याच लेफ्ट बॅकने, आयुष्यात पहिल्यांदा बरा क्रॉस मारला. चेंडू त्यांच्या डिफेंडरच्या हातावर आदळला. मला तरी हातच दिसला. मी ओरडलो, पेनल्टी! शिट्टी नाही. खेळ पुढे चालू. आणि तिथून तीस सेकंदांत त्यांनी गोल केला.

मग माझ्यातली शिवाजी पेठ जागी झाली. मी लाइनच्या आत चार पावलं गेलो आणि अस्सल कोल्हापुरीत ओरडलो, "डोळं हायत का बटणं?" त्याच्या पुढचं इथे सांगत नाही, समोर मुलं बसली आहेत. मनात हिशोब असा की मराठी कोणाला कळतंय! त्या मुलीला शब्द कळले नाहीत, पण रोख बरोबर कळला. ती एकदम थांबली, तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. पुढची दहा मिनिटं ती मैदानाच्या आमच्या बाजूला फिरकलीच नाही.

आणि पलीकडच्या टचलाइनवरून, पावसातून, खणखणीत आवाज आला: "भाऊ, लेकरू हाये ते!"

आपल्याच मंडळातल्या ताई. मूळच्या नागपूरच्या. त्यांचा मुलगा त्या शाळेत आहे हे मला माहीतच नव्हतं. गणपतीत आम्ही शेजारी उभं राहून आरती म्हटली होती. त्या आत्ता तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि हसत आहेत. त्यांना विचारूनच हे सांगतोय.

सामना २-१ ने हरलो. गाडीत हीटर लावला, पोरगा काही बोलेना. मी म्हटलं, "क्रॉस झकास होता रे." तो खिडकीतून बघत म्हणाला, "बाबा, नेक्स्ट टाइम नको येऊस." एवढंच. रागाने म्हणाला असता तर मी समजावलं असतं. तो अगदी सहज म्हणाला.

मी माफीची चिठ्ठी लिहून त्यांच्या पी.ई.च्या सरांकडे पाठवली. त्यांनी पोचवली असं कळवलं. डिसेंबरमधला पुढचा सामना रद्द झाला, कारण शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं. मुलीची ए-लेव्हलची परीक्षा जवळ आली होती, असं सर म्हणाले. तेच कारण असेल. नसेलही. मला आजपर्यंत माहीत नाही.

मग जानेवारीत मी रेफ्रीच्या कोर्सला नाव घातलं. वयाची अट फक्त किमान १४ वर्षं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे वर्गात सगळ्यात म्हातारा मीच. शेजारी पंधरा वर्षांची पोरं वही काढून बसलेली. तिथे हँडबॉलचा नियम शिकवला. २०२० साली तो स्पष्ट करण्यात आला: हात काखेच्या खालच्या टोकापासून सुरू होतो, त्याच्या वरचा सगळा खांदा. मी तो क्षण डोक्यात पुन्हा पुन्हा फिरवून बघितला. बग शोधायची सवय असते आम्हाला. चेंडू खांद्यावर लागला होता, मंडळी. मुलीचा निर्णय बरोबर होता. चुकलेला एकटा मी. अर्थात, तो हात असता तरी माझं ओरडणं काही बरोबर ठरलं नसतं.

कोर्सला आणखी एक कळलं. काही काउंटी असोसिएशन्सनी १८ वर्षांखालच्या रेफ्रींना जांभळ्या रंगाची खूण दिली आहे, म्हणजे बाहेरून ओरडणाऱ्याला दिसावं की समोर मूल आहे. असल्या खुणेची गरज माझ्यासारख्यांमुळे पडली.

मैदानावरच्या मुलींचा विषय निघालाच आहे तर आजच्या कार्यक्रमाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक, कर या कारखान्यातल्या मुलींनी संघ काढला. १९२० च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं आली. त्यांच्या सामन्यांचे पैसे जखमी सैनिकांसाठी आणि धर्मादाय कामांसाठी जात. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, एफ.ए.ने बायकांच्या फुटबॉलला आपल्या मैदानांवर बंदी घातली, आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. याच देशाच्या मुलींनी २०२२ आणि २०२५ साली युरो कप आणला.

आता पैशांकडे येतो, कारण खजिनदार घड्याळ दाखवताहेत.

माझा एक वर्गमित्र कोल्हापूर जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेवर शिक्षक आहे. त्याच्याकडे मुलं आणि मुली दोघंही फुटबॉल खेळतात, बरीचशी अनवाणी. अनवाणी खेळण्यात कमीपणा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला संघ इलफर्डला फ्रान्सशी खेळला तेव्हा बहुतेकांच्या पायात बूट नव्हते. दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि फक्त २-१ ने हरलो. पण मुरमाड मैदानावर पोरांचे अंगठे फुटतात, हे मित्राने मला सांगितलं आणि माझ्या गॅरेजमध्ये वर्षाला एक जोड लहान होऊन पडतो.

तर दोन गोष्टी हव्यात. चेंडू, जाळी आणि प्रथमोपचाराच्या सामानासाठी पैसे. जे इथे कर भरतात त्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म न विसरता भरा, तुमच्या प्रत्येक पौंडावर सरकार २५ पेन्स घालतं. आणि दुसरं, मुलांचे लहान झालेले बूट. धातूचे स्टड नकोत, तिकडची जमीन कडक असते. रबरी किंवा ॲस्ट्रोचे चालतील. उन्हाळ्यात जी कुटुंबं भारतात जाणार आहेत त्यांनी बॅगेत दोन-दोन जोड नेले तरी काम होईल. लोणच्याच्या बरण्या येताना असतात, जाताना जागा असते.

मार्चमध्ये परतीचा सामना झाला. रेफ्री सर होते, झेंडा घेऊन एका लाइनवर मी, दुसऱ्या लाइनवर नागपूरच्या ताई. चिरंजीवांनी परवानगी एका अटीवर दिली होती: झेंडा हलवायचा, तोंड नाही. सामना ०-० सुटला. एकदा मी आमच्याच पोराला ऑफसाइड दिला, त्यावर घरी दोन दिवस चर्चा चालली.

बुटांच्या पेट्या मागच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. कृपा करून दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून टाका, नाहीतर जोड्या लावता लावता आमची रात्र जाईल.