सोन्याच्या गावी काय पाहावे?



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण म्हणाल तर शाळेच्या इयत्ता थोड्या आणि वाचनालयाची वर्गणी नियमित, एवढेच. उमेदीची वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर गेली. तेव्हा आजचा विषयही आम्ही फाटकावरच्या माणसाच्या नजरेनेच मांडणार.

आपल्याकडची पुष्कळ मुले आज ऑस्ट्रेलियात नोकरीला आहेत. आईवडील त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहून येतात आणि सांगतात, 'आम्ही सोन्याचे गाव पाहिले!' हे गाव म्हणजे मेलबर्नपासून शंभरएक किलोमीटरवरचे बॅलरॅट. तेथे सॉव्हरिन हिल नावाचे उघड्यावरचे संग्रहालय १९७० साली सुरू झाले. जुन्या काळची पेठ, घोडागाड्या, लोहाराचा भाता, लाल कोटातले शिपाई, सारे हुबेहूब. ओढ्याकाठी परात घेऊन वाळू धुतली तर सोन्याचे खरे कणही मिळतात. आम्हीही परात घेऊन बसलो, मौज वाटली. पण त्या गावाहून घरी आणावी अशी वस्तू सोने नव्हे. ती कोणती, ते सांगतो.

१८५१ साली तेथे सोने सापडले आणि जगभरची माणसे धावली. सरकारने परवाना बसवला, महिन्याला ३० शिलिंग. सोने मिळो न मिळो, पैसे भरलेच पाहिजेत. बॅलरॅटला सोने खोल. विहिरीसारखा शाफ्ट खणण्यात महिनेच्या महिने जात आणि शेवटी हाती चिखल येई. तरी पोलीस परवाना पाहायला हजर! नसेल त्याला साखळीने ओंडक्याला बांधून ठेवीत. आणि कर भरणाऱ्या या माणसांना मत मात्र नव्हते.

१८५३ साली बेंडिगोच्या खाणवाल्यांनी टोप्यांना लाल फिती बांधून निषेध केला, तेव्हा कर थोडा उतरला. वर्षाचा परवाना ८ पौंडांवर आला. पण पोलिसांची धरपकड थांबली नाही. नोव्हेंबर १८५४ मध्ये बॅलरॅटच्या लोकांनी आपली संघटना काढली, मताचा हक्क मागितला, निळ्या कापडावर पांढऱ्या ताऱ्यांचे निशाण उभारले. युरेका भागात ओंडक्यांचा कोट रचून ते आत बसले. ३ डिसेंबर, रविवार; पहाट व्हायची होती. सरकारी फौज चालून आली आणि थोड्याच वेळात सारे आटोपले. वीसहून अधिक खाणवाले पडले, काही सैनिकही गेले. त्यांचा पुढारी पीटर लॉलर याने एक हात गमावला.

लढाई हरली, पण पुढे काय झाले? तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले आणि ज्यूरीने सर्वांना सोडले. १८५५ साली परवाना रद्द होऊन वर्षाला १ पौंडाचा हक्कपत्रक आला, त्याच्याबरोबर मताचा हक्कही आला. आठ पौंडांचा एक झाला! लॉलर कायदेमंडळात जाऊन बसला. ते फाटके निशाण बॅलरॅटला जपून ठेवलेले आहे. त्याच्यापुढे जरा थांबावे.

परंतु, श्रोतेहो, येथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. हाच लॉलर पुढे जवळच्या क्लून्स गावच्या खाणीचा संचालक झाला. १८७३ साली तेथे संप झाला, तो मोडण्यासाठी खाणीच्या चालकांनी चिनी मजूर आणवले. काल ज्याने कोट रचला, तो आज कोटाच्या दुसऱ्या बाजूला! आणि संपवाल्यांनी काय केले? चिन्यांच्या गाड्या दगडांनी अडवल्या. हे चिनी मजूर तरी कोण? १८५५ साली व्हिक्टोरियाने दर चिनी उतारूमागे १० पौंड कर बसवला होता; तो चुकवण्यासाठी हजारो लोक दूरच्या रोब बंदरात उतरून चारशे किलोमीटरहून अधिक चालत खाणींवर आले. एवढे कष्ट करणारा माणूस कामगार नव्हे काय? पण संघटनांनी त्याला दार बंद ठेवले. युनियनचा माणूस म्हणून हे सांगायला आम्हाला जड जाते, पण सांगितलेच पाहिजे.

बॅलरॅटजवळच क्रेसविक आहे. तेथे १२ डिसेंबर १८८२ रोजी बुजलेल्या जुन्या खाणीतले पाणी नव्या खाणीत फुटले. सत्तावीस जण अडकले, बावीस गेले. पाणी चढत असता त्यांनी जेवणाच्या डब्यांवर घरच्यांसाठी निरोप कोरले. सोन्याच्या विटेवर असे अक्षर सापडायचे नाही.

आता सोने सोडून आतल्या ओसाड प्रदेशात जाऊ. सिडनीपासून हजार किलोमीटरहून दूर ब्रोकन हिल आहे. तेथे १८८३ साली चांदी, शिसे आणि जस्त यांचा साठा सापडला. शिशाची धूळ छातीत आणि रक्तात जाई. कामगारांनी १८९२ ला संप केला, हरले. पुढारी तुरुंगात गेले. १९०९ ला पुन्हा लढले. मग १९१९ ते १९२० असा अठरा महिन्यांचा संप झाला. अठरा महिने चूल कशी पेटली असेल, याचा विचार संप पाहिलेल्या बायकांनी करावा. त्यातून जमिनीखालच्या कामगारांना आठवड्याला ३५ तास मिळाले, आणि फुप्फुसाच्या रोगाला भरपाई.

गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर २००१ साली स्मारक झाले. भिंतीवर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक माणसांची नावे आहेत, आणि नावापुढे मरणाचे कारण: दरड कोसळली, स्फोट झाला. आम्ही ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. इंग्रजी आमचे बेताचेच. पण त्या भिंतीला शब्दकोश लागत नाही.

तेथेच आणखी एक ध्यानात ठेवावे. ती भूमी मूळ विल्याकली लोकांची, जशी बॅलरॅटची वाथारोंग लोकांची. खाणीवर माल पोचवणारे उंटवाले अफगाणिस्तान आणि तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य भागातून आलेले. त्यांची लहानशी पत्र्याची मशीद गावात उभी आहे. तीही पाहावी.

तेव्हा मुलांकडे जाल तर परात घेऊन जरूर बसा, नातवाबरोबर सोन्याचे कण शोधा. मात्र निघण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: हे कोणी खणले, आणि मिळवलेल्या हक्कातून कोणाला बाहेर ठेवले? आपल्या गावची जुनी गिरणी पाहतानाही हेच प्रश्न विचारायला हरकत नाही. हक्क मिळवणे कठीण. मिळाल्यावर शेजाऱ्याला आत घेणे त्याहून कठीण.