तुम्ही आत्ता कुठे आहात? फोनवरच्या काळ्या पडद्याची पहिली ओळख

आजच्या भागाला लॅपटॉप लागत नाही, फोन पुरे. पण आधी मे 1996.

दहावीची परीक्षा झालेली. नागपूरचं ऊन असं, की दुपारी बाहेर निघालं तर शेजारचे विचारायचे, "काहून बे, घरचा कूलर बंद पडला का?" मी सीताबर्डीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. खरं सांगू? एसीसाठी. चपला बाहेर, एका मशिनवर दोघं, आणि समोर काळा पडदा. त्यावर 'सी' आणि एक बाण. बस. हे डॉस.

एक दिवस माझ्या सरावाच्या फाइली उडवायच्या होत्या. सीडी कमांड देऊन मी माझ्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, गेलो. म्हणजे मला तसं वाटलं. स्पेलिंग चुकलं होतं, पडद्यावर 'इनव्हॅलिड डिरेक्टरी' आलं होतं, मी वाचलंच नाही. पुढे 'डेल स्टार डॉट स्टार'. डॉसनं विचारलं, सगळ्या फाइली जातील, नक्की? मी वाय दाबलं.

गेल्या त्या शेजारच्या ताईच्या फाइली. माझ्याआधी तीच मशिनवर होती. लोकांचे प्रबंध टाइप करून पानामागे पैसे घ्यायची ती. रडली नाही, ओरडली नाही. नुसती पडद्याकडे बघत बसली. ते जास्त वाईट होतं.

सरांनी 'अनडिलीट' चालवलं. डॉस फाइल पुसताना तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडायचा. मजकूर डिस्कवरच राहायचा, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून अनडिलीट प्रत्येक फाइलला विचारायचं, पहिलं अक्षर काय होतं? ताई आठवून आठवून सांगत होती. 11 पैकी 9 परत आल्या. उरलेल्या दोनसाठी चार दिवस मी हातानं लिहिलेली पानं वाचून दाखवली, तिनं पुन्हा टाइप केली.

आता तुमचा फोन. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. एफ-ड्रॉइडवरून 'टर्मक्स' घ्या, उघडा, तोच काळा पडदा. कमांड मी अक्षरं सुटी करून सांगतो. तुम्ही इंग्रजीत, लहान लिपीत, सलग टाइप करा.

पहिली कमांड पी-डब्ल्यू-डी. हसू नका, खड्ड्यांशी संबंध नाही. 'प्रिंट वर्किंग डिरेक्टरी', म्हणजे मी आत्ता कुठे आहे ते सांग. डॉसमध्ये नुसतं सीडी मारलं की जागा कळायची. लिनक्समध्ये नुसतं सीडी तुम्हाला थेट घरी, होम डिरेक्टरीत, नेऊन सोडतं. जुन्या सवयीचे लोक इथे फसतात.

एल-एस म्हणजे इथे काय काय आहे. सीडी, स्पेस, नाव म्हणजे आत जा. सीडी, स्पेस, दोन टिंबं म्हणजे एक पायरी मागे. एम-के-डी-आय-आर नवीन डिरेक्टरी बनवतं, सी-पी कॉपी करतं, एम-व्ही हलवतं आणि नावही बदलतं. नावं इतकी आखूड का? युनिक्स 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालं, तेव्हा टेलीटाइपवर ठोकून ठोकून टाइप करायचे, उत्तर कागदावर छापून यायचं. कमी अक्षरं, कमी त्रास.

आणि आर-एम. पुसणं. हे सहसा 'नक्की?' असं विचारत नाही. रिसायकल बिन नाही, अनडिलीट नाही. विचारायला हवं असेल तर आर-एम, स्पेस, डॅश आय. मी अजून एक करतो: स्टार लावून पुसायचं असेल तर आधी तोच पॅटर्न एल-एसला देतो. जी यादी येईल तीच जाणार. यादीत नको ते दिसलं की थांबतो.

स्पेस सांभाळा. 'जुने स्टार' सलग लिहिलं तर 'जुने'नं सुरू होणाऱ्या फाइली जातात. मध्ये एक स्पेस पडली तर समोरच्या सगळ्या.

टर्मक्स तुमच्या गॅलरीला आपणहून हात लावू शकत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. पहिला आठवडा ती देऊच नका. त्याच्या घरातच खोट्या फाइली बनवा, हलवा, पुसा.

त्या परवानग्यांबद्दल पुढच्या भागात बोलू. आज रात्री एवढंच करा: तीन डिरेक्टऱ्या एकात एक बनवा, सगळ्यात आतल्या डिरेक्टरीत जा आणि पी-डब्ल्यू-डी मारा.