सापाच्या पिल्लासाठी आयते बीळ

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. मी आयुष्यात दोन घरे उभी केली. पहिले निवृत्तीच्या वर्षी वडोदऱ्यास. दुसरे इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरी, माझ्या मुलीच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. पहिल्या घरातील माणसे निदान तोंडाने तक्रारी तरी करीत. दुसऱ्या घरात राहावयास आले ते सापाचे एक पिल्लू होते. लांबीला वीतभराहून थोडे अधिक, जाडीला पेन्सिलीएवढे, वजनाला जेमतेम सहासात ग्रॅम. त्यानेही तक्रार केली, पण आपल्या रीतीने. तीन आठवडे त्याने अन्नाला तोंड लावले नाही, आणि एके सकाळी ते घर सोडून निघून गेले. शाळेत तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविलेल्या माणसाला याहून स्पष्ट शेरा मिळावयाचा राहिला नव्हता.

हे पिल्लू माझ्या नातवाने रीतसर विकत आणले होते. त्या जातीला तिकडे कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांवर जगणारा, आणि कुळाने आपल्या धामणीचा व तस्कराचा नातलग. पोटावर मक्याच्या कणसासारखी काळीपांढरी चौकट असते म्हणून हे नाव पडले असे कोणी म्हणतात. मक्याच्या कोठारांपाशी तो उंदीर शोधीत येई म्हणून पडले असेही कोणी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात अंडी उबवून वाढविलेला असल्यामुळे इंग्लंडमध्ये तो नवशिक्यांचा साप समजला जातो. नीट सांभाळल्यास पंधरावीस वर्षे जगतो. म्हणजे नातू शाळेत असताना आणलेला साप त्याच्या लग्नालाही घरात असावयाचा. ही गोष्ट मुलाच्या आईबापांना कोणी आधी सांगत नाही.

येथेच एक खुलासा केला पाहिजे. हे ऐकून कोणी अंगणात सापडलेले तस्कराचे पिल्लू बरणीत ठेवू जाईल, तर त्याने तसे करू नये. आपल्या देशातील नाग, अजगर, धामण आदी वन्य साप धरून पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या ज्या जाती आहेत, उदाहरणार्थ आफ्रिकेतील बॉल पायथन, त्या बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावी असे २०२४ चे नियम सांगतात. इंग्लंडात २००६ चा प्राणिकल्याण कायदा पाळलेल्या जनावराला योग्य परिसर देण्याचे कर्तव्य पालकावरच टाकतो. त्या 'योग्य परिसर' या दोन शब्दांचा अर्थ समजण्यास मला महिना लागला.

माझी चूक दयेतून झाली. दुकानदाराने पिल्लासोबत एक लहानसा डबा देऊ केला, तेव्हा मला गारुड्याची टोपली आठवली, आणि मी जावयाला म्हणालो, 'हा तर तुरुंग आहे. काय पैसे लागतील ते लागोत, पण मोठे घर घेऊ.' त्याप्रमाणे चार फूट लांबीची, पुढे सरकत्या काचा असलेली लाकडी पेटी आणली. तीत एक डहाळी, वर दिवा, मधोमध पाण्याचे भांडे आणि एका टोकाला लपण्यास कौलासारखा तुकडा. बाकी सारे मोकळे मैदान. दिवाणखान्यातून पाहताना ती पेटी फार शोभिवंत दिसे. पिल्लू मात्र दिवसरात्र पाण्याच्या भांड्यामागे अंगाचे वेटोळे करून बसे. दर पाचसात दिवसांनी त्याच्यासमोर उंदराचे नवजात पिल्लू ठेवावयाचे (ही गोठविलेली मिळतात व कोमट पाण्यात ऊन करून देतात), आणि दुसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे उचलावयाचे, हा क्रम तीनदा झाला. नातू रात्री उठून टॉर्चच्या उजेडात त्याचा श्वास चालतो का ते पाही.

मग ते नाहीसे झाले. सरकत्या काचा जेथे एकमेकींवरून जातात तेथे दोहोंमध्ये एक फट राहते. मोठ्या सापाला ती काहीच नाही, पण जेथून डोके जाते तेथून या पिल्लाचे सारे अंग जाते. त्या फटीचा विचार आम्हां चौघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता. चौथ्या दिवशी ते सापडले पाणी तापविण्याच्या बंबाच्या कपाटात, घड्या घातलेल्या टॉवेलांच्या दोन थरांमध्ये. जावई हसला. मला हसू आले नाही. मी शिकविलेल्या सर्व पाठांतील जे मला उमगले नव्हते, ते त्या मुक्या जिवाने दाखवून दिले होते. त्याने घर स्वतः निवडले, आणि निवडले ते उबदार, अंधारे आणि पाठीपोटाला चिकटणारे.

आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण आपण परोपजीवी माणसाची निंदा करण्यास वापरतो. पण निसर्गशास्त्राच्या दृष्टीने ती अगदी खरी आहे. बहुतेक सापांना बीळ खणता येत नाही. उंदीर खणतो, वाळवी वारूळ रचते, झाड पोखरते, दगड दुभंगतो. साप त्यात शिरतो. कोंडलेल्या सापाला उंदरांची आणि वाळवीची ही सेवा मिळत नाही. ती आपण करावयाची, एवढेच सर्पपालनातील घरबांधणीचे मर्म आहे.

शेजारच्या गल्लीतील एका वृद्ध सर्पपालकाने आम्हांस ते काम शिकविले. त्याने सुमारे सोळा इंच लांब व दहा इंच रुंद असा प्लॅस्टिकचा डबा घेतला. झाकण खटक्यांनी घट्ट बसणारे; बाजूंना हवेसाठी बारीक भोके. तळाला पहिले काही आठवडे साधा शोषक कागद, म्हणजे विष्ठा नीट दिसते आणि आजार असल्यास लवकर कळतो. भुसा पुढे घालावयाचा. तोही अॅस्पेनसारख्या निर्गंध लाकडाचा, सीडरचा कधीही नव्हे, कारण त्याच्या सुगंधी तेलाने सापाच्या श्वासाला अपाय होतो. डब्याच्या एका टोकाच्या बाहेरून, तळाच्या तिसऱ्या हिश्शाखाली, विजेवर तापणारी पातळ चटई. तिला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे. तो नसेल तर चटई आणूच नये, असे तो दोनदा म्हणाला. उबदार टोक तीस अंशांच्या आसपास आणि दुसरे टोक बावीस-चोवीस अंशांवर राहावे, इतकी त्याची मोजणी होती. सापाला अंगची ऊब नाही. गिळलेला उंदीर पचविण्यास त्याला बाहेरची उष्णता लागते. ती न मिळाल्यास गिळलेले तो ओकून टाकतो. उलट, तळ फार तापला तर तो वेळेवर बाजूला सरतोच असे नाही, आणि पोट भाजून घेतो.

यानंतर त्याने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. जाड कागदाची दोन नळकांडी त्याने घेतली, एक उबदार टोकाला ठेवले आणि एक थंड टोकाला. मी विचारले, 'एवढ्याशा जिवाला दोन घरे कशाला?' तो म्हणाला, 'एकच दिलेत तर त्याला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावे लागेल, आणि ते नेहमी आडोसाच निवडील.' आमच्या पेटीतील ते भांड्यामागचे वेटोळे मला तेव्हा उलगडले. ऊब दिव्याखाली होती आणि आडोसा भांड्यामागे. उघड्यावरून जाण्यापेक्षा उपाशी गारठणे पिल्लाने पत्करले होते, कारण रानात त्याचा शत्रू वरूनच येतो.

आठवडाभर कोणी डब्याला हात लावला नाही. आठव्या रात्री खाद्य नळकांड्याच्या तोंडाशी ठेवले व दिवा मालवला. सकाळी नातवाची हाक ऐकून मी जिना उतरलो तो चष्मा न लावताच. खाद्य नव्हते. पिल्लाच्या मधल्या अंगावर शेंगेतील दाण्याएवढा फुगवटा होता.

आता, डबा जितका लहान तितका बरा, असा निष्कर्ष कोणी काढील. जुने सर्पपालक तसे सांगतही असत. अलीकडे त्यावर पुष्कळ वाद झाला आहे, आणि माझे मत नव्या पक्षाकडे झुकते. सापाला अंग सरळ पसरता आले पाहिजे, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. पिल्लाला भीती वाटली ती जागेच्या मोठेपणाची नव्हे, उघडेपणाची. तीच चार फुटी पेटी पाचोळ्याने, सालींनी आणि फांद्यांनी दाटून भरली असती व ती फट बुजविली असती, तर कदाचित पहिल्याच आठवड्यात ते जेवले असते. तथापि लहान डब्यात पिल्लावर लक्ष ठेवणे सोपे जाते, म्हणून सुरुवातीस तोच पत्करावा आणि वाढ होताच सोडावा. टोपली म्हणून मी ज्याला नाक मुरडले, त्या डब्यात आणि गारुड्याच्या टोपलीत फरक एवढाच, की येथे ऊब होती, पाणी होते आणि निवड होती. तो फरक लहान नाही.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. डोळे दुधाळ निळसर झाले की कात जवळ आली असे समजून ओलसर शेवाळ घातलेली एक डबी आत ठेवावी. दोन पिल्ले एकत्र ठेवू नयेत. त्यांना सोबतीची हौस नसते. जेवणानंतर दोन दिवस उचलू नये. आणि साप हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. या बाबतीत माझ्या मुलीने घातलेली शिस्त शाळेतल्या प्रयोगशाळेहून कडक होती.

चौदा महिन्यांनी पिल्लू त्या मोठ्या पेटीत परत गेले, या खेपेस फट बुजवून आणि मैदानाचे रान करून. गेल्या महिन्यात नातवाने पेटीचे छायाचित्र पाठविले. मी ते भिंग लावून पाहिले. साली दिसल्या, पाचोळा दिसला, साप काही दिसेना. खाली त्याने आपल्या मोडक्या मराठीत लिहिले होते, 'आजोबा, तो घरी आहे.'