टिंब कुठे ठेवायचं, कुठे सोडायचं



भिलाईतल्या आपल्या मराठी घरांतली मुलं एक गोष्ट नेहमी पाहतात. शाळेच्या हिंदी पुस्तकात वाक्य संपलं की उभा दंड असतो, घरातल्या मराठी पुस्तकात टिंब. लिपी एकच, मग हा फरक का?

मराठीत छापील विरामचिन्हं रुजवण्याचं मोठं श्रेय एका फौजी माणसाला जातं, मेजर थॉमस कँडी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला हा अधिकारी मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात होता. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिलं. त्याआधीची मोडी पत्रं पाहा. ओळ सलग चालते, ना शब्दांत अंतर, ना स्वल्पविराम. तरी पेशव्यांचा कारभार त्यावर चालला!

मग तरुण मुलं विचारतात, “इंग्रजीतली ती अपॉस्ट्रॉफी तरी कशाला हवी?” इंग्लंडमध्ये ती वाचवायला २००१ साली निघालेली संस्था तिच्या संस्थापकानेच २०१९ मध्ये बंद केली. बर्नार्ड शॉ तर ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ असे शब्द त्या चिन्हाशिवायच लिहायचा. अर्थाचं काही बिघडलं नाही.

पण फौजेत लेखी हुकूम वाचणारा माणूस लिहिणाऱ्यासमोर नसतो. ‘बटालियन्स व्हेइकल्स पुढे जातील’ असं इंग्रजीत लिहिलंत, तर एका बटालियनच्या गाड्या की अनेकांच्या? कानाला दोन्ही सारखंच. कागदावर मात्र अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी आहे की नंतर, यावरच ते कळतं. तिथे ती वगळली, तर गाड्या किती निघायच्या हा घोळ होणारच.

आपण मराठी माणसांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तेव्हाही भाषा बुडाली म्हणून ओरड झाली. भाषा बुडाली नाही. पण ‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ यांतला अनुस्वार राहिला, कारण त्या एका टिंबावर एक मूल की अनेक, हे ठरतं.

इंग्रजीलाही हीच कसोटी लावा. चिन्ह काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ हलला, तर चिन्ह हवंच. नाही हलला, तर ती केवळ रीत आहे. परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात ती जरूर पाळा, कारण तिथे तपासणारा तीच पाहतो. पण दुकानाच्या पाटीवर कुणाची अपॉस्ट्रॉफी चुकली म्हणून हसू नका, आणि तेवढ्यावरून घरातल्या मुलाला अडाणी ठरवू नका. नियमाच्या धाकाने मूल लिहायचंच थांबतं. नियमाचं कारण कळलं, की ते स्वतःच टिंब जागेवर ठेवतं.