साथ कुणाची, कुणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताह सुरू झाला की देवळात दोन भजनी मंडळं बसतात. दुपारी बायकांचं, रात्री पुरुषांचं. मी रात्री पेटी वाजवतो, सौभाग्यवती दुपारी गातात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण एका बैठकीत आम्ही दोघं कधी बसलो नव्हतो. मुलानं ऐकवलेल्या एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेनं ही गोष्ट मला टोचली.

तिचं नाव ‘लायला रिव्हिजिटेड’. सुझन टेडेस्की आणि डेरेक ट्रक्स हे नवराबायको. २००१ मध्ये त्यांचं लग्न झालं, पण दोघांचे वाद्यवृंद वेगवेगळे होते. २०१० मध्ये त्यांनी ते मोडून एकच डझनभर माणसांचा वृंद उभा केला. २४ ऑगस्ट २०१९ रोजी व्हर्जिनियातल्या एका महोत्सवात, आधी काही न सांगता, त्यांनी १९७० सालचा ‘लायला’ हा आल्बम श्रोत्यांपुढं वाजवला. ट्रे अनास्तासिओ आणि डॉयल ब्रॅमहॉल हे पाहुणे गिटारवादक साथीला होते. हे मुद्रण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या दुःखातून उगवलेलं गाणं. त्याला विजेवरची गिटार आणि ड्रमचा जोर मिळाला की झालं ब्लूज-रॉक. मूळ ‘लायला’ एरिक क्लॅप्टनचा. जॉर्ज हॅरिसन हा त्याचा मित्र, आणि क्लॅप्टनचा जीव जडला मित्राच्याच बायकोवर. नाव घेतलं लैला-मजनूच्या कथेवरून. पुढं १९७९ मध्ये त्या दोघांचं लग्न झालं, पण ते टिकलं नाही. त्या आल्बमवर ड्वेन ऑलमन हा पाहुणा वादक होता. वर्षभरातच, चोविसाव्या वर्षी, तो अपघातात गेला.

आता योगायोग पाहा. क्लॅप्टनच्या त्या वृंदाचं नाव ‘डेरेक अँड द डॉमिनोज’. त्यावरून आईवडिलांनी मुलाचं नाव डेरेक ठेवलं. त्याचा काका ऑलमनच्या वृंदात ड्रम वाजवत असे. आणि ‘लायला’ प्रसिद्ध झाला ९ नोव्हेंबर १९७० रोजी, त्याच दिवशी सुझनचा जन्म झाला!

डेरेक बोटात काचेची नळी घालून ती तारांवर सरकवतो. ऐकताना आपल्याला सरोदची मींड आठवते, आणि ते उगाच नाही. कॅलिफोर्नियातल्या उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत विद्यालयात त्यानं धडे घेतले आहेत. डेरेक गात नाही. सुझन गाते, गिटारही वाजवते. ती गात असताना त्याची गिटार बाजूला सरते. तिचा श्वास संपला की मगच ती बोलू लागते. शेवटचं गाणं तर स्टुडिओतलं. सगळा वृंद, पाहुणे, गर्दी दूर, फक्त दोघंच. ज्या गाण्यांचा जन्म परक्याच्या संसाराकडं पाहून झाला, ती शेवटी एका संसारात येऊन विसावतात.

हे ऐकून मी एका संध्याकाळी घरीच पेटी काढली आणि म्हटलं, “गा.” दोन चरण झाले आणि त्या थांबल्या. “अहो, आधी मला गाऊ तर द्या! तुमची बोटं माझ्या पुढंच पळतात.” श्रोतेहो, पुरुषांच्या मंडळात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं पेटी जोरात वाजली की माना डोलतात.

आता दर गुरुवारी आम्ही बसतो. मी भाता हळू हलवायला शिकतो आहे. यंदाच्या सप्ताहात दुपारच्या मंडळात पेटी घेऊन बसू का, हे बायकांना विचारायचं आहे. परवानगी त्यांनी द्यायची. साथीदारानं मागायची असते.