रक्ताचा एक थेंब आणि बाईच्या माथी दोष

(शनिशिंगणापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



या गावातल्या घरांना दारं नाहीत, म्हणून ते जगाला माहीत झालं. पण चौथऱ्यावर बाईला मात्र मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी वर गेली, तर नंतर शुद्धीकरण झालं. मग आंदोलन पेटलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. बाईच्या अंगीच दोष, ही समजूत तिथं हरली. पण घराघरांत ती अजून ठाण मांडून आहे. आजारी मूल जन्मलं की विचारा, दोष कुणाला लागतो?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात आणि विदर्भातल्या दलित वस्त्यांत तो अधिक दिसतो. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. एकट्या आईकडून हा आजार येत नाही. हे वाक्य घरी जाऊन सासूबाईंना आणि नवऱ्यालाही सांगा.

पूर्वीची साधी तपासणी म्हणजे नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचं. गढूळ झालं तर दोष आहे एवढंच कळायचं. माणूस वाहक की रुग्ण, ते नाही. मग नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जायचा आणि अहवालाची वाट बघत बसायचं. आता गरोदरपणाच्या तपासणीसारखी पट्टी आली आहे. बोटातून एक थेंब, ना वीज ना यंत्र. पाड्यावरच काही मिनिटांत उत्तर. नवजात बाळाचीही तपासणी होते, म्हणजे उपचार वेळेवर सुरू होतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे.

चांगलंच आहे. पण मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर जे पाहिलं ते सांगते. शिबिर ओट्यावर भरलं होतं. पट्टी बघून कार्यकर्त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "हिच्यात आहे." ती सहा महिन्यांची गरोदर. नवऱ्याची तपासणी कुणी केलीच नाही, तो कामावर गेला होता. आठ दिवसांत तिला माहेरी धाडलं. पट्टी खरं बोलली होती, पण अर्धंच. उरलेलं अर्धं नवऱ्याच्या रक्तात होतं की नाही, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

तंत्र हाती आलं की ते कुणाच्या हाती आलं, हे आपण विचारायला शिकलो आहोत. गर्भलिंग तपासणीविरुद्ध बायकांच्या संघटना लढल्या, म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात पहिला कायदा झाला आणि १९९४ साली देशाचा. सोनोग्राफीचं यंत्र हातात मावेल एवढं झालं, तेव्हा धोकाही तेवढाच सुटसुटीत झाला. इथं तर यंत्रच नाही. नोंद कुठं करणार, लक्ष कोण ठेवणार?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. तपासणी तिच्या संमतीनं आणि आडोशाला व्हावी. निकाल आधी तिलाच सांगावा. बायकोबरोबर नवऱ्याचीही तपासणी झालीच पाहिजे. पट्टीवर दोष दिसला तर प्रयोगशाळेत खात्री करावी. थॅलेसेमियासारखे दुसरे दोष या पट्टीत सापडत नाहीत, हेही सांगावं. आणि औषध व सल्ला प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावा. नुसता शिक्का मारून जाऊ नये.

लग्न जमवताना पत्रिका बघतात, साडेसाती बघतात. उद्या रक्ताचं कार्डही मागतील, तेही मुलीचंच. तेव्हा एवढंच विचारा, "मुलाचं कुठं आहे?"